धसका घेतलेलं पोर आणि एकटे पडलेले गुरुजी

या पानावर एरवी डाळिंबावरचा तेल्या, ज्वारीची पेरणी, ठिबकचं अनुदान असे विषय असतात. आजचा विषय शाळेतला आहे. तरी त्याची मुळं बहुतेक वेळा आपल्याच शेतात आणि घरात असतात, म्हणून तो इथं घेतला आहे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनीही तो जरूर वाचावा.

आपल्याकडे एक जुना शब्द आहे, ‘धसका’. डॉक्टर मंडळी ज्याला मानसिक आघात म्हणतात, त्याला आपल्या आज्या हा एकच शब्द वापरत. ‘पोरानं धसका घेतला’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. अडचण अशी की शब्द कळतो, पण त्या पोराचं पुढं काय होतं, ते शाळेत कसं वागतं आणि त्याला शिकवणाऱ्या मास्तरावर काय बेतते, याचा विचार गावात फारसा होत नाही. बारावा-तेरावा उरकला, मंडप निघाला, की पोराला दप्तर देऊन शाळेत पाठवलं जातं आणि सगळं पहिल्यासारखं चालू झालं असं आपण धरून चालतो.

किल्लारीचा धडा

आपल्या शेजारचाच दाखला घेऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. शासकीय आकड्याप्रमाणे सुमारे ७,९०० माणसं गेली. ५२ गावं इतकी मोडली की ती नव्या जागी वसवावी लागली. सोलापूर तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. आपल्या जिल्ह्यातही माणसं अंथरुणातून उठून अंगणात पळाली होती. ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढं आहे, त्यांना ती रात्र विचारून बघा. अजून सांगतात.

त्या रात्री जी मुलं वाचली, ती ढिगाऱ्याखालून निघालेली किंवा आईबापांना, भावंडांना ढिगाऱ्यातून काढताना पाहिलेली होती. घरं नंतर बांधून झाली. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य शासनाचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालला, नवी गावठाणं आखली गेली, रस्ते झाले. भिंतींचा हिशेब सरकारी कागदात सापडतो. मनांचा हिशेब मात्र थोड्याच लोकांनी ठेवला. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी वाचलेल्या लोकांची तपासणी करून १९९६ मध्ये अहवाल छापला. त्यांनी तपासलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक आजाराची लक्षणं होती. मोठ्यांची ही गत, तर त्यांच्या अंगाखांद्यावरच्या लेकरांचं काय झालं असेल?

मुलांसाठी दोन कामं तेव्हा उभी राहिली आणि दोन्ही आपल्याला माहीत असायला हवीत. एक, भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढं वाघोलीला त्यासाठी मोठा शैक्षणिक प्रकल्प उभा राहिला. दुसरं काम आपल्या जवळचं. बार्शीचे पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढलं. भूकंपात निराधार झालेली मुलं तिथं राहून शिकली.

एका कामानं मुलं दुःखाच्या जागेपासून लांब, मोठ्या शहरातल्या चांगल्या शिक्षणाजवळ नेली. दुसऱ्यानं ती आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत, मामा-मावशीला एसटीनं भेटायला येता येईल अशा अंतरावर ठेवली. कुठलं बरोबर, असा वाद घालायचं कारण नाही, दोन्हींनी मुलं शिकवली. माझं मत विचाराल तर लहान लेकराला शक्यतो ओळखीच्या माणसांजवळ ठेवावं. त्याला आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बायकांनी मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती. त्यांना असं दिसलं, की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त बाधते. आई शेजारी असेल आणि ती घाबरून गेलेली नसेल, तर मूल बॉम्बहल्लासुद्धा बऱ्यापैकी सोसतं.

या सगळ्यात एक माणूस हिशेबात आलाच नाही, तो म्हणजे गावातला प्राथमिक शिक्षक. जे शिक्षक गावात राहत होते, त्यांची घरं काही वेगळ्या दगडाची नव्हती. ज्यानं स्वतःचं माणूस गमावलं, त्यानंच पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवायचा, हजेरी घ्यायची आणि हजेरीत जी नावं आता नाहीत, ती गाळून पुढं जायचं. मेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावर खोडायला हात कसा उचलत असेल, याचा विचार करावा.

धसका घेतलेलं पोर वर्गात कसं दिसतं

किल्लारी जुनी झाली असं म्हणू नका. २०२०-२१ मध्ये कोरोनानं आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस नेला. कर्जापायी बापानं विषाचा डबा तोंडाला लावला, अशी घरं तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं, माणसं बोटीतून काढावी लागली. जमीन खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. खांद्यावर बसून त्या पाण्यातून बाहेर आलेली मुलं दिवाळीनंतर वर्गात येऊन बसली. शिवाय घरात रोज दारूचा धिंगाणा, आईला होणारी मारझोड, हाही धसकाच, फक्त तो एका रात्रीत येत नाही.

अशा पोरांना आपण ओळखत नाही, कारण ती रडत बसत नाहीत. रडणारं पोर सगळ्यांना कळतं. बाकीची वेगळ्याच रूपात समोर येतात. एखादं वर्गात झोपतं, कारण रात्री झोपत नाही. एखादं खिडकीबाहेर बघत राहतं, चार हाका मारल्या तरी ‘ओ’ देत नाही. एखादं जरा धक्का लागला की अंगावर धावून जातं. पाठ असलेला पाढा विसरतं. सातवीतली पोरगी पोट दुखतंय म्हणून रोज घरी जायला मागते, दवाखान्यात नेलं तर काही निघत नाही. आठ-नऊ वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. जवळपास कुठं विहिरीचा सुरुंग उडाला, नाहीतर वळवाचं आभाळ कडाडलं, की एखादं बाकाखाली शिरतं आणि बाकीची हसतात.

खेळाकडेही लक्ष द्यावं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी १९७६ मध्ये शाळेच्या बसमधली २६ मुलं पळवून नेऊन एका दगडखाणीत जमिनीखाली पुरलेल्या गाडीत कोंडली होती. सगळी जिवंत बाहेर आली. अंगाला फार इजा नव्हती म्हणून लोक म्हणाले, सुटलो. लेनोर टेर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या मुलांचा पुढं चार-पाच वर्षं अभ्यास केला. एकही मूल सुटलेलं नव्हतं. कुणी तेच तेच स्वप्न बघत होतं, कुणी तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळत होतं, आणि त्या खेळात मजा नव्हती. आपल्याकडे एखादं पोर रोज मातीत खड्डा करून बाहुली पुरत असेल, तर त्याला ‘अभद्र’ म्हणून फटका देऊ नका. ते बोलू शकत नाही, ते असं सांगतं.

शरीरात काय होतं, हे सोप्या भाषेत असं. जीव धोक्यात आला की माणसाचं काळीज धडधडतं, हातपाय ताठ होतात, पळायची किंवा मारायची तयारी होते. धोका टळला की हे सगळं शांत व्हायला हवं. मोठा धसका बसलेल्या मुलाचं ते शांत होत नाही. राखणीचा कुत्रा चोर गेल्यावरही रात्रभर भुंकत राहावा, तसं आतलं काहीतरी जागंच राहतं. अशा अवस्थेत गणित, व्याकरण डोक्यात शिरणार कसं? आपण शेतकरी माणसं, आपल्याला वाफसा कळतो. रान चिखलात असताना पेरलं तर बी कुजतं, त्यात बियाण्याचा दोष नसतो. त्या पोराला ‘ढ’ म्हणणं तसंच आहे. वाफसा यायचाय.

‘आम्ही काय कमी सोसलं?’

हा प्रश्न पारावर हमखास निघतो. ‘आमच्या लहानपणी १९७२ चा दुष्काळ होता, खडी फोडली, सुकडी खाल्ली, आम्हाला नाही कुणी मानसोपचार दिला. सोसल्यानं माणूस घट्ट होतं.’ त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण सांगोल्याच्या, पंढरपूरच्या डाळिंबवाल्यांना मी उलट विचारतो, तुम्ही बागेला ताण कधी देता?

बहार धरायचा म्हणून आपण बागेचं पाणी तोडतो, पानगळ होते, मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरून येतं. ताणानंच फळ येतं, हे खरं. पण तो ताण जमीन बघून, दिवस मोजून दिलेला असतो, आणि ताण संपल्यावर पाणी आणि खत तयार ठेवलेलं असतं. लागवडीनंतर पहिली दोन वर्षं तर कुणी शहाणा माणूस बहार धरत नाही, आलेली फुलंसुद्धा खुडून टाकतो, कारण कोवळं झाड त्या ताणानं जे खुरटतं ते पुढं कितीही खत घातलं तरी अंग धरत नाही. मराठीत दोन्हीला शब्द एकच आहे, ‘ताण’. सोसून घट्ट झालेल्या माणसाच्या मागं बघा, कुणीतरी पाणी सोडणारं होतं. आजी असेल, चुलता असेल, एखादे गुरुजी असतील. ज्यांच्या मागं कुणी नव्हतं, ते पारावर गोष्ट सांगायला उरले नाहीत, नाहीतर दारूच्या गुत्त्यावर बसलेत.

बालपणीच्या घावाचा परिणाम किती लांब जातो, याची मोजदाद अमेरिकेतच झाली. सॅन डिएगो इथं डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. घरात मारझोड होती का, दारू होती का, आईला मारत होते का, असे प्रश्न. १९९८ पासून निष्कर्ष छापून आले. असे घाव जितके जास्त प्रकारचे, तितकं पुढं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न, इतकंच काय हृदयरोगाचंही प्रमाण जास्त. म्हणजे आज पाचवीत गप्प बसलेलं पोर उद्याचा कर्ता शेतकरी आहे, आणि त्याच्या घरातही लेकरं असणार आहेत.

मास्तरांवर काय बेतते

आता गुरुजींकडं वळू, कारण त्यांची बाजू कुणी लिहीत नाही. माझं काम पंचायत समितीतलं, कृषी विस्ताराचं. नुकसानीच्या पाहणीला, योजनेच्या कागदांसाठी वाडी-वस्तीवर जावं लागतं आणि बसायला जागा म्हणून बरेचदा शाळेचाच व्हरांडा मिळतो. तिथं जे ऐकतो ते शेतीच्या अहवालात लिहिता येत नाही.

दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी सांगत होते. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाच्या बापानं आत्महत्या केली होती. पोरगं महिन्यानं शाळेत आलं आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ येऊन म्हणालं, ‘गुर्जी, दार मीच उघाडलं हुतं.’ एवढंच. नंतर पोरगं खिचडी खायला निघून गेलं. गुरुजी मला म्हणाले, ‘साहेब, त्या दिवसापास्नं मला घरचं दार उघडताना हात थबकतो. कुणाला सांगू? बायकोला सांगितलं तर ती घाबरंल. केंद्रावर सांगितलं तर म्हणतील, माहिती भरली का आधी ते सांगा.’

याला शास्त्रात नाव आहे. चार्ल्स फिगली नावाच्या अभ्यासकानं १९९५ मध्ये यावर पुस्तक संपादित केलं. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्या माणसालाही त्या दुःखाची बाधा होते. परिचारिका, पोलीस, आग विझवणारे जवान आणि शिक्षक, सगळ्यांनाच. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि पुढं एक वेळ अशी येते की मन बधिर होतं. मग असे गुरुजी शिकवतात, पण मुलाच्या डोळ्याकडं बघत नाहीत. बदली मागतात. किंवा छडी काढतात. गावाला फक्त छडी दिसते.

छडीबद्दल स्पष्ट लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. धसका घेतलेल्या पोराच्या बाबतीत तर मार देणं म्हणजे जळत्या गंजीवर पेंढी टाकणं. त्याच्या अंगाला कळतं एवढंच, की इथंही धोका आहे. काही पालकच शाळेत येऊन म्हणतात, ‘मास्तर, हाणा त्याला, हाडं आमची, कातडं तुमचं.’ कृपा करून हे बोलणं आता बंद करावं.

दुसरी गोष्ट. प्राथमिक शिक्षकाकडं शिकवण्याशिवाय काय काय आहे, हे गावानं एकदा मोजावं. पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादी, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं. एकेका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग. त्यात घर चाळीस किलोमीटर लांब आणि रोजचं अपडाउन. अशा माणसाकडून तुम्ही मोडलेलं पोर सावरायची अपेक्षा करता. काहीजण ती पुरी करतात, त्यांना माझा नमस्कार. पण गावाची व्यवस्था एका माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणं बरं नव्हे.

करायचं काय

गुरुजींना मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं नाही. मूल सावरायला जे लागतं, त्यातलं बरंचसं साधं आहे. रोज तीच वेळ, तीच जागा, तेच माणूस. वर्गात काय होणार हे आधी सांगणं, कारण अचानक काही झालं की अशी मुलं दचकतात. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नये, समोरून यावं. दाराजवळची जागा हवी असेल तर द्यावी. चार पोरांसमोर ‘काय झालं रे तुझ्या बापाला’ असं विचारू नये, पण मूल आपणहून बोललं तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावं. ‘विसर आता’ म्हणू नये. ‘तुझा काही दोष नाही’ हे मात्र म्हणावं आणि पुन्हा पुन्हा म्हणावं. लहान मुलांना खरोखर वाटत असतं की आपल्यामुळं झालं. वर उल्लेख केलेल्या पोराचं ‘दार मीच उघडलं’ हे तेच होतं. त्याला एखादी छोटी जबाबदारी द्यावी, फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे मुलाला कळलं की ते रुजतं.

बरीच मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत एवढ्यानंच मार्गाला लागतात. जी लागत नाहीत, महिना उलटून गेला तरी झोप नाही, जेवण नाही, बोलणं बंद आहे, किंवा मरणाची भाषा करतात, त्यांना डॉक्टरकडं न्यायलाच हवं. सोलापुरात सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, आणि तो शिक्षकांनी स्वतःसाठीही वापरावा, त्यात कमीपणा नाही. मुलाला घरातच धोका असेल तर १०९८. देवऋषाकडं जायचं कुणाला तर मी अडवणार नाही, अडवून कुणी ऐकत नाही, पण अंगाऱ्याबरोबर डॉक्टरही दाखवा. आणि बाप गेल्यावर पोरीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारी जी तोंडं आहेत, ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथं बंद करावीत.

अशा घरातल्या पोरीचं लवकर लग्न उरकायची घाई होते. ‘आई एकटी, जोखीम नको.’ १८ वर्षांच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर आहे. एका धसक्यातून पोरगी बाहेर यायच्या आत तिला दुसऱ्यात ढकलू नये.

पैशाची बाजूही आहे, कारण घरात अन्न नसेल तर वरचं सगळं बोलणं फुकट. शेतकरी आत्महत्येत पात्र ठरलेल्या कुटुंबाला २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३०,००० लगेच आणि ७०,००० मासिक प्राप्ती योजनेत ठेव म्हणून. ही सगळ्यांना माहीत असते. ज्याची माहिती नसते ती बालसंगोपन योजना. आई किंवा वडील किंवा दोघंही नसलेल्या, १८ वर्षांखालच्या मुलाला घरीच राहून शिकता यावं म्हणून ती आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. बाप कर्जापायी गेला की आजारानं, याच्याशी तिचा संबंध नाही, म्हणून आत्महत्येचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलेल्या घरातल्या मुलांसाठीही अर्ज करता येतो. लागतात ते कागद साधे आहेत: मृत्यूचा दाखला, आधार, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, फोटो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडं जातो. बोनाफाईड मागायला आलेल्या विधवेला शाळेनं दोन हेलपाटे घालायला लावू नयेत, आणि दाखल्यासाठी ग्रामपंचायतीनं घरपट्टीची थकबाकी काढू नये. हे मी उगाच लिहीत नाही.

गावानं गुरुजींसाठी काय करावं

यावर कुणाचं शासन परिपत्रक नाही, म्हणून माझ्या मनातलं लिहितो. गावात एखाद्या घरावर आभाळ कोसळलं, तर पोर शाळेत यायच्या आधी घरातल्या कुणीतरी, चुलत्यानं, मामानं, शाळेत जाऊन गुरुजींना काय झालं ते सांगावं. बरेचदा बाहेरगावाहून येणाऱ्या शिक्षकाला ते चार दिवसांनी कळतं, तोवर त्यानं गृहपाठ केला नाही म्हणून त्याच पोराला उभं केलेलं असतं. दोष कुणाचा? सांगायला कुणी गेलंच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. समितीच्या बैठकीत शौचालय, रंगकाम, संरक्षक भिंत याबरोबर ‘कुठल्या मुलाला सध्या आधार हवा आहे’ असा एक विषय धरावा, नावांचा बोभाटा न करता. केंद्रप्रमुखांना विनंती, की दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास फक्त शिक्षकांना बोलण्यासाठी ठेवावा. तिथं कुणी माहिती मागू नये, फोटो काढू नये. मन मोकळं करायला जागा मिळाली, तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा चाळीस पोरांसमोर उभा राहू शकतो.

सीनाकाठच्या गावांना वेगळं सांगतो. पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली नाही तरी मुलं घाबरणार आहेत. किल्लारीच्या पट्ट्यात भूकंप होऊन गेल्यावरही माणसं घरात झोपायला धजत नव्हती, तसंच हे. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन गाव फिरावं, पाणी कुठवर आलं होतं ते बघावं, पुन्हा आलं तर कुठल्या रस्त्यानं कुठं जायचं ते मुलांकडूनच ठरवून घ्यावं. आपल्याला काय करायचं हे माहीत असलं की भीती निम्मी होते. या फेरीला गुरुजींबरोबर गावातली दोन मोठी माणसंही असावीत.

आणि बालसंरक्षण समिती. प्रत्येक गावात ती असायला हवी, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शाळेतले शिक्षक अशी मंडळी तिच्यात असतात. आपल्या गावात ती आहे का, हे विचारायला लाजू नका. ग्रामपंचायतीत जाऊन तिचं रजिस्टर मागा. शेवटची बैठक कधी झाली, कोण कोण हजर होतं आणि कुठल्या मुलाचा विषय निघाला, हे त्यात तारखेसह लिहिलेलं असायला हवं.